भट्टी बदलू द्या, बेकरी जगू द्या

रमजानचे शेवटचे दिवस आले की आपल्या घरांतून नानकटाईचे ट्रे बेकरीकडे निघतात. मैदा, तूप, साखर घरी मळायची, गोळे ट्रेमध्ये मांडायचे आणि भाजायला मात्र नाक्यावरच्या भट्टीत द्यायचे, ही रीत अजूनही बऱ्याच घरांत आहे. एरवी वर्षभर त्याच भट्टीतून पाव, ब्रून, खारी आणि टोस्ट येतात. बोरीवली स्टेशनबाहेरची वडापावची गाडीही पहाटे भाजलेल्या पावाच्या भरवशावर उभी राहते. ही भट्टी आता बदलते आहे. मुंबईच्या बेकरी धंद्यात इराणी मंडळींच्या जोडीने आपल्या समाजातील मालक आणि कारागीर पुष्कळ आहेत. म्हणून या बदलाचा विचार आपल्या घरांतही व्हायला हवा.

मुंबईच्या बिघडत्या हवेची मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली. त्याच प्रकरणात ९ जानेवारी २०२५ रोजी आदेश झाला की, लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी व तशाच इतर धंद्यांनी सहा महिन्यांत गॅस, वीज किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर यावे. नवीन बेकरीला परवानगी द्यायची तीही याच अटीवर. पाठोपाठ महापालिकेच्या नोटिसा आल्या. जुलै २०२५ मध्ये ती मुदत संपली. आता प्रश्न भट्टी बदलायची की नाही हा नाही. बदलताना बेकरी बंद पडू नये, हा आहे.

आदेश कडक वाटला तरी त्यामागचे कारण खरे आहे. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेने शहरातील बेकऱ्यांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ४७ टक्के बेकऱ्या मुख्यतः लाकडावर चालत असल्याचे आढळले. हे लाकूड तरी कसले? वखारीतले ओंडके महाग पडतात, म्हणून मोडके फर्निचर, जुन्या चौकटी, प्लायवूडचे तुकडे असे भंगारातले लाकूड भट्टीत जाते. त्यावरचा रंग, पॉलिश आणि डिंक जळला की विषारी धूर होतो. शेजारी राष्ट्रीय उद्यान आहे म्हणून बोरीवलीची हवा चांगली, असे आपण म्हणतो. पण गल्लीतल्या धुराड्याचा धूर आधी त्याच गल्लीतल्या खिडक्यांत शिरतो. सर्वांत जास्त धूर कोण घेतो? रात्रभर भट्टीच्या तोंडाशी उभा राहणारा कारागीर. बहुतेकदा तो गाव सोडून आलेला असतो आणि बेकरीच्याच पोटमाळ्यावर झोपतो. त्याच्या छातीचा हिशोब पावाच्या भावात कधी धरला गेला नाही.

याला दुसरीही बाजू आहे. महापालिकेने मार्च २०२२ मध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा जाहीर केला. २०५० पर्यंत शहराचे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. त्या आराखड्यानुसार २०१९ मध्ये मुंबईचे उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन होते आणि त्यातले जवळपास ७२ टक्के इमारतींत, दुकानांत, कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेमुळे, मुख्यतः विजेमुळे होते. म्हणजे शहराचा कार्बनचा बोजा बेकरीवाल्याच्या डोक्यावर नाही. तो मॉलच्या एसीत आहे, काचेच्या ऑफिसांत आहे, आपल्या घरांतही आहे. बेकरीच्या भट्टीची तक्रार मुख्यतः धुराची आहे. पाइप गॅस धूर करत नाही, पण तोही जमिनीतूनच काढलेला. विजेची भट्टी गल्लीत स्वच्छ असते, पण वीज तयार होते तिथे कोळसा जळतो. म्हणून भट्टी बदलणे ही पहिली पायरी समजावी. वीज कंपनीकडून हरित वीज मागता येते. थोडे जास्त पैसे पडतात, पण हा मार्ग मोठ्या दुकानांना आजही खुला आहे. नियम छोट्यांना आधी लागू झाले, तर मोठ्यांनाही विचारले पाहिजे.

आता खर्चाचे बोलू. जुन्या भट्टीत गॅसचा बर्नर बसवणे त्यातल्या त्यात स्वस्त. नवी विजेची भट्टी घ्यायची तर यंत्राचे पैसे वेगळे आणि वाढीव लोड मंजूर करून घ्यावा लागतो तो वेगळा. गॅसची पाइपलाइन गल्लीपर्यंत आलेली असावी लागते. जागा पागडीची किंवा भाड्याची असेल तर मालकाचे संमतीपत्र लागते. तीस-चाळीस वर्षे धंदा करणाऱ्याकडे परवाने असतात, पण जागेचे कागद अर्धवट असतात. गाडी इथेच अडते.

सरकारी मदत आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत बेकरीही बसते. पात्र खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान मिळू शकते. ती आज सुरू आहे का, नवे अर्ज घेतात का, हे आधी कृषी विभागाच्या कार्यालयात विचारून घ्यावे. पण हे अनुदान बँकेच्या कर्जाशी जोडलेले आहे. व्याज नको म्हणून बँकेची पायरी न चढणारे आपल्यात बरेच आहेत. त्यांच्यासाठी हे दार उघडे असूनही बंदच. त्यांच्या श्रद्धेला कोणी नावे ठेवू नयेत. पण श्रद्धेमुळे कोणाचा धंदा बुडत असेल, तर ती जबाबदारी एकट्या त्याची राहत नाही.

कर्ज-ए-हसना, म्हणजे बिनव्याजी कर्ज, आपल्याला नवे नाही. लग्नाला, आजारपणाला आपण ते देतो. मग बेकरीच्या बर्नरला का नको? एका मोहल्ल्यातल्या पंचवीस-तीस घरांनी थोडी थोडी रक्कम ठरावीक मुदतीसाठी दिली, तर एका भट्टीचे काम मार्गी लागेल. मात्र रक्कम, मुदत आणि साक्षीदार लिहून ठेवावेत. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद तर कुरआनातच आहे. ज्यांची मुले वकिली, हिशोब किंवा इंजिनियरिंग शिकली आहेत, त्यांनी दोन रविवार बेकरीवाल्याचे कागद लावून द्यावेत. पैशाइतकीच याचीही गरज आहे.

गृहिणींनाही सांगणे आहे. लाकडाची चव गॅसला नाही, असे म्हणून पाव परत करू नका. कारागिराचा हात नव्या आचेवर बसायला थोडे दिवस लागतात. काही दिवस ब्रूनचे कवच कमी कुरकुरीत होईल. लादीमागे रुपया-दोन रुपये वाढले, तर दुसऱ्याच्या स्वस्त पावाकडे वळण्याआधी विचारा, तो कसल्या भट्टीत भाजला आहे.

येत्या रमजानात नानकटाईचा ट्रे घेऊन जाल तेव्हा मालकाला एवढे जरूर विचारा: "चाचा, भट्टीचं काम कुठवर आलं? काय अडलंय?" उत्तर ऐकून घ्या आणि घरी येऊन चार माणसांच्या कानावर घाला.