म्युनिसिपालिटीच्या शाळांची परीक्षा

मुंबईच्या म्युनिसिपालिटीच्या प्राथमिक शाळांविषयीं दोन वाक्यें नित्य ऐकूं येतात. एक, तेथील मुलांस नीट वाचतां येत नाहीं; दुसरें, तेथील मुलें कमी होत चाललीं आहेत. ह्या दोहोंमध्यें 'म्हणून' हा शब्द घातला, कीं बहुतेक लोक मोकळे होतात. शिक्षण वाईट म्हणून मुलें गेलीं, आणि मुलें गेलीं म्हणून शाळा मिटविणें प्राप्त, असा हा सोपा हिशेब आहे. आमच्या मतें तो अपुरा आहे. आणि तो तसाच मान्य झाल्यास त्याची किंमत गिरगांवापासून लालबागपर्यंतच्या गरिबांच्या मुलांस द्यावी लागेल.

ह्या शाळा कोणासाठीं निघाल्या हें प्रथम पाहूं. नामदार गोखल्यांचें सक्तीच्या शिक्षणाचें बिल १९१२ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत नापास झालें. पुढें १९२० सालीं मुंबई शहरापुरता प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, व १९२५ सालीं सक्तीचा आरंभ झाला तो एफ आणि जी ह्या वॉर्डांत, म्हणजे परळ, दादर, वरळीच्या कामकरी वस्तींत. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर ह्या बाजूंनीं आलेल्या गिरणीकामगारांचीं मुलें ह्या शाळांच्या बाकांवर बसलीं. बापाची नोकरी व चाळींतील खोली बहुधा कायम असे. त्यामुळें मूलही एकाच शाळेंत टिके.

१८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत उतरले. पुढें गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर उंच इमारती उठल्या, आणि चाळकरी डोंबिवली, विरारकडे गेले. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ सालीं ३३,३८,०३१ होती, ती २०११ च्या खानेसुमारींत ३०,८५,४११ भरली. अडीच लक्षांवर माणसें जेथून कमी झालीं, तेथील शाळांत मुलें पूर्वीइतकीं कशीं राहतील? डोंबिवलीस राहावयास गेलेलें मूल लालबागच्या मास्तरांस कंटाळून गेलें असें म्हणणें हा न्याय नव्हे.

मागें राहिलेल्यांपैकीं ज्यांस फी परवडली त्यांनीं इंग्रजी शाळा गांठली. उरलीं तीं मोलकरणींचीं, हमालांचीं, फेरीवाल्यांचीं, बांधकामावरील मजुरांचीं मुलें. त्यांतील पुष्कळांच्या घरची भाषा शाळेच्या भाषेहून निराळी. पुष्कळांचें बिऱ्हाड वर्षाच्या मध्येंच हलतें. आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको, कीं वर्षारंभीची शिल्लक न पाहतां केवळ अखेरच्या आंकड्यावरून दुकानाचा नफातोटा काढतां येत नाहीं. शाळांचा हिशेब मात्र आपण नेमका तसाच काढतों.

ह्यांत कायद्याचें एक कोष्टक भर घालतें. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणें पहिली ते पांचवीच्या शाळेंत साठपर्यंत मुलें असल्यास दोन शिक्षक मिळतात, नव्वदपर्यंत तीन. मोठ्या शाळेस हें प्रमाण ठीक. परंतु शाळेची संख्या पन्नासावर आली, कीं दोन शिक्षकांनीं पांच इयत्ता सांभाळावयाच्या. निवडणुकीचीं व खानेसुमारीचीं कामें त्यांच्याकडून घेण्यास तोच कायदा मोकळीक देतो. मग वाचन कच्चें राहतें. तें पाहून जाणते पालक मूल काढतात. संख्या आणखी घटते. अशा रीतीनें शाळा मरत नाहीं, ती मारली जाते. २०१२-१३ ते २०२१-२२ ह्या दहा वर्षांत म्युनिसिपालिटीच्या शंभरांहून अधिक मराठी शाळा बंद झाल्या, व मराठी शाळांतील मुलें निम्म्याहून कमी झालीं.

लोकांस म्युनिसिपालिटीची शाळाच नको, असें कोणी म्हणेल. परंतु २०२० पासून ह्याच म्युनिसिपालिटीनें दिल्लीच्या बोर्डाच्या इंग्रजी शाळा काढल्या, तेव्हां जागांपेक्षां अर्ज अधिक आले व सोडती काढाव्या लागल्या. पालकांचा राग म्युनिसिपालिटीवर नाहीं; आपलें मूल मागें पडेल ही त्यांची भीति आहे. मराठी शाळेंतून उत्तम इंग्रजी येतें अशी खात्री जेथें पटेल, तेथें मराठी शाळाही भरेल.

शिक्षकांचा कांहींच दोष नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. कामचुकार मास्तरास जाब विचारलाच पाहिजे. पण तो विचारण्यास आधीं खरा हिशेब हवा. यास्तव आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, प्रत्येक मूल आलें तेव्हां त्यास किती वाचतां येत होतें व वर्षअखेर किती येतें, हें दोन्ही शाळावार प्रसिद्ध करावें. नांव कमी झाल्यास मूल कोठें गेलें याचीही नोंद ठेवावी. दुसरी, पट कितीही घटला तरी पहिली व दुसरीस स्वतंत्र शिक्षक द्यावा. कायद्याचें प्रमाण हें किमान आहे, त्याहून अधिक देण्यास म्युनिसिपालिटीस कोणी अडविलेलें नाहीं. तिसरी, शाळा बंद करण्यापूर्वीं तिच्या व्यवस्थापन समितीचें मत घ्यावें. ह्या समितींत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत असा कायदाच आहे.

हें काम एकट्या गरीब पालकांवर सोडून चालणार नाहीं. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुल्यांनीं गाऱ्हाणें मांडलें, कीं तिजोरी भरते कष्टकऱ्यांच्या श्रमानें आणि विद्येचा लाभ होतो वरच्या वर्गांस. आज कायदा गरिबाच्या बाजूचा आहे, पैसाही आहे. नाहीं ती सुस्थित नागरिकांची नजर. दादरच्या वा गिरगांवच्या ज्या करदात्यास आपल्या रस्त्यावरील खड्डा दिसतो, त्यास त्याच रस्त्यावरील शाळेंत किती मुलांमागें किती शिक्षक आहेत, हेंही ठाऊक असलें पाहिजे. तेवढें त्यानें उद्यां जाऊन विचारावें. विचारणारा कोणी आहे असें कळलें, कीं शाळा गुपचूप मिटविणें कठीण होतें.