कोनतं मंगरूय, भाऊ?

कळफलक / पातूरकर

अकोल्याच्या बसस्थानकावर ‘मंगरूयचं एक द्या’ म्हणून पैसे पुढे करा. मुरलेला कंडक्टर मशीनचं बटण दाबण्याआधी मान वर करतो आणि विचारतो, “कोनतं मंगरूय, भाऊ?” कारण वऱ्हाडात मंगरूळ एक नाही. मंगरूळपीर वाशीम जिल्ह्यात, मंगरूळ दस्तगीर धामणगाव रेल्वे तालुक्यात आणि मंगरूळ चव्हाळा नांदगाव खंडेश्वर तालुक्यात. धामणगावांचंही तेच: एक रेल्वे, एक गढी, एक बढे. चांदूर म्हणावं तर रेल्वे की बाजार, ते सांगावं लागतं. आमचं गावही यातून सुटलेलं नाही. आम्ही पातूर नानासाहेबचे, तर अकोला तालुक्यात पातूर नंदापूर आहे. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात आमच्याच गावाची नोंद ‘पातूर शेख बाबू’ अशी सापडते.

कंडक्टरच्या त्या एका प्रश्नाची किंमत मला गेल्या हंगामात कळली.

तालुक्यातल्या एका धान्य खरेदीदारासाठी मी छोटंसं सॉफ्टवेअर करत होतो. सोयाबीन आलं, तूर आली की वजन नोंदवायचं आणि संध्याकाळी बेरीज काढायची. अशा कामात सगळा कोड कुणी हाताने लिहीत बसत नाही. आधी एक स्कीमा लिहितात. स्कीमा म्हणजे नोंदवहीचा कोरा नमुना: या रकान्यात तारीख, या रकान्यात आकडा, या रकान्यात शेतकऱ्याचं नाव. हा नमुना कोड जनरेटरला दिला की तो त्यावरून प्रोग्रामचे तुकडे आपोआप लिहून देतो. रकान्यात काय बसेल हे सांगणाऱ्या शब्दाला टाइप म्हणतात. मी ‘वजन’ या रकान्याचा टाइप ‘माप’ असा लिहिला होता. ‘माप’ म्हणजे काय, हे दुसऱ्या फाइलमध्ये नीट लिहून ठेवलं होतं. फक्त ती फाइल जोडायची राहिली.

चूक माझीच. पण जनरेटरने काय केलं पाहा. त्याने ‘माप’ शोधलं, ते सापडलं नाही, तर त्या जागी ‘एनी’ लिहून तो पुढे गेला. टाइपस्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत ‘एनी’चा अर्थ ‘काहीही चालेल’. ना तक्रार, ना इशारा. शेवटी पडद्यावर ‘काम पूर्ण’ अशी हिरवी ओळ आली आणि मी निर्धास्त झोपलो.

फॉर्ममध्ये भरलेला आकडा म्हणजे संगणकाच्या लेखी आधी अक्षरंच असतात. त्याचा आकडा करून घ्यावा लागतो. टाइप ठरलेला असता तर तसं न केल्याची चूक टाइपस्क्रिप्टच्या तपासनिसाने कोड चालण्याआधीच पकडली असती. ‘एनी’ने त्या तपासनिसाचं तोंड बंद केलं. मग 12 क्विंटल आणि 8 क्विंटल यांची बेरीज 20 न होता, अक्षराला अक्षर चिकटून 128 झाली. हे पकडलं खरेदीदाराच्या दिवाणजींनी, तेही संगणकाकडे न बघता. “एवढी तूर तं आपल्या गोदामात मावतच नाई, भाऊ.”

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. नाव सापडलं नाही तर यंत्राने थांबावं आणि विचारावं. अंदाजाने पुढे जाणारं यंत्र शहाणं नसतं. ते फक्त चूक उशिरा आणि महाग करून आपल्या पदरात टाकतं.

नाव सापडत नाही याची कारणं तरी काय? माझ्यासारखी फाइल जोडायची राहणं हे सर्वांत साधं. काही स्कीमा-भाषांचा क्रमाबाबतही हट्ट असतो. ‘ॲव्रो’त एखादं नाव वापरायचं तर त्याची व्याख्या आधी येऊन गेलेली असावी लागते. गूगलने 2008 मध्ये सर्वांसाठी खुल्या केलेल्या ‘प्रोटोकॉल बफर्स’मध्ये ती नंतर आली तरी चालते, कारण तिथलं यंत्र आधी सगळ्या नावांची हजेरी घेतं आणि मग कोण कुणाचं ते जुळवतं. मला ही दुसरी रीत पसंत आहे. माणसाने फाइल वाचणाऱ्याच्या सोयीने मांडावी, क्रमाची काळजी यंत्राने करावी.

दुसरं कारण कंडक्टरच्या प्रश्नातलं. मंगरूळपीरमध्ये नुसतं ‘मंगरूळ’ म्हटलं तर पीरचं समजायचं आणि धामणगावात म्हटलं तर दस्तगीरचं. माणूस आधी जवळचं बघतो, मग लांबचं. प्रोटोकॉल बफर्समध्येही नावाचा शोध आतल्या घरातून सुरू होऊन बाहेर जातो. यात एक खोच आहे. मंगरूळ चव्हाळ्यात उभं राहून तुम्ही ‘मंगरूळचा हयात कलंदरांचा दर्गा’ विचारलात आणि समोरच्याने पहिल्या शब्दावरच आपलं मंगरूळ धरलं, तर दर्गा त्याला सापडणारच नाही. तो मंगरूळपीरला आहे. प्रोटोकॉल बफर्सचं यंत्रही जोडनावाचा पहिला तुकडा जवळ सापडला की तिथेच अडकतं. पण त्याची तक्रार करण्याची पद्धत शिकण्यासारखी आहे. तुमचं नाव मी अमुक ठिकाणचं समजलो, तिथे ते नाही, मी शोध आतून बाहेर करतो, तुम्हाला बाहेरचं हवं असेल तर नावाआधी एक टिंब द्या, असं ते सांगतं. काय शोधलं, कुठे शोधलं, आता काय करावं, तिन्ही गोष्टी एका दमात. सरकारी कचेरीतून परत आलेल्या अर्जावर इतकं लिहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

तिसरं कारण आपल्या लिपीतलं आहे. त्यावर इंग्रजी पुस्तकांत फारसं लिहिलेलं नसतं, म्हणून इथे सांगतो. बहुतेक ठिकाणी टाइपची नावं रोमन लिपीत ठेवतात, पण गाव, पीक, एकक यांच्या याद्या आता देवनागरीतही असतात. ‘वऱ्हाड’ हाच शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. एका पद्धतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि पुढे हलन्त. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे. यंत्राच्या लेखी मात्र पहिला सहा संकेतांचा, दुसरा सात. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण चालवलं तरी ते एक होत नाहीत. माझा एक अख्खा दिवस यात गेला. यादीत ‘वऱ्हाड’ समोर दिसत होतं आणि यंत्र म्हणत होतं, ‘वऱ्हाड’ नावाचं काही नाही. त्या संदेशात शब्दासोबत अक्षरांचे संकेतांकही छापले असते, तर ते मिनिटभराचं काम होतं.

मग कुणी म्हणेल, यंत्रालाच जवळचं नाव शोधू द्या की. सोय आहे. सोव्हिएत गणिती व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी 1965 मध्ये मांडलेल्या अंतराच्या कल्पनेवर ती चालते: एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात. आता आमच्या गावाला ही फूटपट्टी लावू. कुणी ऱ्हस्व उकार देऊन ‘पातुर’ लिहिलं. ‘पातूर’पासून ते एका बदलावर. उत्तम, यंत्राने ओळखलं. पण ‘लातूर’ही ‘पातूर’पासून एकाच बदलावर आहे आणि जालना जिल्ह्यातलं ‘परतूर’ही एकाच. तिघंही सारख्याच अंतरावर! यादीत पातूर नसेल आणि यंत्राने जवळचं म्हणून स्वतःच निवड केली, तर आमचं सोयाबीन कागदावर लातूरला पोचेल आणि हिरवी ओळ तशीच चमकत राहील. म्हणून यंत्राने ‘तुम्हाला लातूर म्हणायचंय का, परतूर म्हणायचंय का?’ असं जरूर विचारावं. उत्तर माणसाने द्यावं.

चौथं कारण नामांतर. उस्मानाबादचं धाराशिव झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, अहमदनगरचं अहिल्यानगर. जुन्या नोंदी जुन्याच नावाने येणार. इथे तक्रार करत बसण्यापेक्षा उपनाव नोंदवणं बरं. ‘ॲव्रो’च्या स्कीमात तशी सोय मुळातच आहे. त्याहून बरं म्हणजे नावाऐवजी क्रमांक वापरणं. 2011 च्या जनगणनेत अकोला जिल्ह्याचा क्रमांक 501 होता. उद्या कुणी जिल्ह्याचं नाव बदललं तरी त्या जनगणनेतला 501 हलणार नाही.

थांबावं म्हटलं, पण कसं थांबावं यालाही रीत आहे. पहिल्याच चुकीला ठेच लागून बसणारं यंत्र वैताग आणतं. एक दुरुस्त केली की दुसरी, मग तिसरी. सगळा स्कीमा तपासून सगळ्या हरवलेल्या नावांची यादी एकदाच हातात द्यावी. मात्र एक नाव हरवल्यामुळे त्यावर अवलंबून असलेल्या शंभर जागा बोंबलू नयेत. त्यासाठी त्या नावाच्या जागी यंत्राने आतल्या आत ‘हे बिघडलेलं आहे’ अशी खूण ठेवावी. ती खूण दिसली की पुढच्या जागांनी गप्प बसावं. ही खूण आणि ‘एनी’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. खूण असेपर्यंत कोड बाहेर पडत नाही, ‘एनी’ तो बेलाशक बाहेर सोडतो. आणि अर्धवट झालेलं काम जुन्या चांगल्या फाइलींवर कधीच लिहू नये. नवं सगळं बाजूच्या फोल्डरमध्ये तयार करावं, पूर्ण जमलं तरच अदलाबदल करावी.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं. धंद्यात रोज माल येतो, गाड्या दारात उभ्या असतात, दुसऱ्याने पाठवलेला स्कीमा अर्धवट असतो. तिथे एका नावासाठी सगळं अडवून ठेवायचं का? हे खोटं नाही. वस्तू व सेवा कराच्या एककांच्या यादीकडे बघा. तिथे क्विंटलला संकेत आहे, पोत्याला आहे आणि कशातच न बसणाऱ्यासाठी ‘ओटीएच’, म्हणजे ‘इतर’, हाही आहे. ‘इतर’ला माझा विरोध नाही. पण तो ‘इतर’ बिल करणारा माणूस स्वतः निवडतो आणि तो बिलावर दिसतो. जनरेटरमध्येही तसंच असावं. अमुक नाव सध्या ‘काहीही चालेल’ धरा, हे माणसाने सेटिंगच्या फाइलमध्ये कारणासह लिहावं. मग प्रत्येक वेळी काम संपल्यावर यंत्राने आठवण करून द्यावी: तीन नावं अजून उसनवारीवर आहेत. उसनवारी वहीत लिहिलेली असली की ती फेडली जाते. न लिहिलेली दिवाणजींना गोदामात सापडते.

त्या खरेदीदाराचं काम मी नंतर दुसऱ्या जनरेटरने केलं. पहिल्याच दिवशी त्याने मला चौदा ठिकाणी अडवलं. मनातल्या मनात शिव्या दिल्या आणि एकेक नाव बघत बसलो. अकरा माझे टंकदोष निघाले, दोन न जोडलेल्या फाइली. चौदाव्या ठिकाणी लिहिलं होतं ‘कट्टा’. हे मी दिवाणजींना विचारलं. कट्टा किती किलोचा? ते हसले. “कोनाचा कट्टा, भाऊ? तुरीचा का सोयाबीनचा? आन् कोन्या गावचा?”

ते उत्तर कुठल्याच फाइलमध्ये नव्हतं. यंत्र अडलं नसतं, तर मी विचारलंही नसतं.

— पातूरकर