विश्लेषण : पाणी स्वच्छ, तरी मासे का मरतात? खाऱ्या पाण्याची नवी टाकी तयार झाली हे कसे ओळखावे?

मुरूड तालुक्यातील आगरदांडा येथे राजपुरी खाडीचे खारे पाणी दाराशी आहे. पलीकडच्या काठावर दिघी, मध्ये फेरीबोटींची ये-जा. अशा गावात समुद्री माशांची टाकी मांडणे शहरापेक्षा सोपे वाटते. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषी समकक्ष दर्जा दिल्यानंतर मत्स्यपालनाची चर्चाही वाढली आहे. त्यात समाजमाध्यमांवर रंगीत प्रवाळ-टाक्यांचे रील दिसतात. मात्र टाकी भरून दुसऱ्याच दिवशी मासे सोडले, तर ते आठवडाभरात मरण्याचीच शक्यता अधिक असते. असे का होते आणि नेमके किती थांबावे?

नव्या टाकीत काय कमी असते?

दिसायला काहीच नाही. पाणी नितळ, पंप सुरू, खारेपणा योग्य. कमी असतात ते जिवाणू. मासे कल्ल्यांतून अ‍ॅमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाद्य कुजले की त्यात भर पडते. समुद्रात तो अफाट पाण्यात विरतो, टाकीत साठतो. जिवाणूंचा एक गट या अ‍ॅमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट. हे जिवाणू मुख्यतः वाळू, दगड आणि फिल्टरच्या पृष्ठभागावर वाढतात. म्हणूनच खाडीचे जिवंत पाणी भरले तरी टाकी लगेच तयार होत नाही. जिवाणूंच्या वाढीला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त.

खाऱ्या पाण्यात धोका जास्त का?

अ‍ॅमोनियाचा किती भाग विषारी रूपात राहील, हे पाण्याच्या सामूवर (पीएच) ठरते. समुद्राच्या पाण्याचा सामू साधारण ८.१ ते ८.३ असतो. सामू ७ असलेल्या गोड्या पाण्याच्या तुलनेत येथे विषारी भाग सुमारे दहापट असतो. त्यामुळे गोड्या पाण्यातील गप्पी किंवा मोली पाळण्याचा अनुभव येथे पुरत नाही. नायट्राइटचे उलट आहे. खाऱ्या पाण्यातील क्लोराइडमुळे त्याचा माशांना होणारा त्रास कमी होतो. तरीही त्याचे मोजमाप सोडता येत नाही, कारण नायट्राइट शिल्लक असणे म्हणजे दुसऱ्या गटाचे काम अपुरे असणे.

खाडीचे पाणी थेट वापरता येईल?

येईल, पण कधीही आणि कुठूनही नाही. पावसाळ्यात डोंगरातून येणाऱ्या पाण्याने खाडीचा खारेपणा घसरतो आणि गाळ वाढतो. जेट्टीजवळच्या पाण्यात डिझेल, तेल असू शकते. पाणी पावसाळा संपल्यावर, भरती पूर्ण असताना, बोटींपासून दूर घ्यावे. कापडातून गाळून काही दिवस अंधारात निवळू द्यावे आणि मग मोजावे. खारेपणा लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या आसपास हवे. स्वयंपाकाचे मीठ घालून उणीव भरू नये. ते जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड असते. समुद्रातील मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम त्यातून मिळत नाही. पुढे बाष्पीभवनाने पातळी उतरली, तर भर गोड्या पाण्याची घालावी. पाणी उडते, मीठ टाकीतच राहते.

टाकी तयार झाल्याची चाचणी कोणती?

उत्तर कॅलेंडरमध्ये नाही, चाचणी किटमध्ये आहे. मासे न सोडता टाकीत मोजून अ‍ॅमोनिया द्यायचा. त्यासाठी अमोनियम क्लोराइड वापरतात किंवा चिमूटभर खाद्य कुजू देतात. आधी अ‍ॅमोनिया चढतो आणि उतरतो, मग नायट्राइट चढतो आणि उतरतो, शेवटी नायट्रेट दिसू लागते. यानंतर खरी परीक्षा. लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम अ‍ॅमोनिया पुन्हा द्यावा. २४ तासांनी अ‍ॅमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, तर टाकी तयार आहे. मग थोडे पाणी बदलून नायट्रेट खाली आणावे.

काचेवर, वाळूवर तपकिरी थर येणे ही तयारीची खूण मानली जाते. ते चुकीचे आहे. तो थर सूक्ष्म शैवालाचा असतो आणि जिवाणूंचे काम अर्धवट असतानाही येतो. 'धट्टाकट्टा' मासा आधी सोडून टाकी तयार करण्याची जुनी पद्धतही टाळावी. त्यात मासा आठवडेच्या आठवडे विषात राहतो.

किनाऱ्यावर हे नवे आहे का?

नाही. कोळंबीचे तलाव करणारे हेच करतात. तलाव वाळवायचा, चुना द्यायचा, पाणी घ्यायचे आणि पाण्याला प्लवकांचा रंग येईपर्यंत थांबायचे. पाण्यात सोडलेली तबकडी ३० ते ४० सेंटिमीटर खोलीपर्यंत दिसावी, असा साधारण ठोकताळा असतो. त्यानंतरच बी सोडले जाते. तलावाच्या पाण्याला रंग हवा, टाकीचे नितळ हवे, इतकाच फरक. आधी पाणी मोजायचे, मग जीव सोडायचा, हा नियम दोन्हीकडे एकच.

वीज गेली तर?

कोकणात हा प्रश्न तयारीचाच भाग आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले, तेव्हा अनेक गावे दीर्घकाळ अंधारात होती. पंप बंद पडला की पाण्यातील प्राणवायू घटतो. आधी मासे गुदमरतात, मग फिल्टरमधील जिवाणू मरू लागतात आणि तयार टाकी पुन्हा कच्ची होते. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप माशांच्या आधी घरात यायला हवा.

प्रवाळ ठेवता येतात का?

येथे कायदा आडवा येतो. खडक बांधणारी सर्व प्रवाळे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या अनुसूची १ मध्ये आहेत. समुद्री घोडेही संरक्षित आहेत. किनाऱ्यावरून प्रवाळ तोडणे, विकणे हा गुन्हा आहे. अनुसूची १ मधील प्राण्यांबाबत ३ ते ७ वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही यातून सुटत नाही. रीलमध्ये दिसणाऱ्या 'जिवंत खडका'ऐवजी सिरॅमिकचे सच्छिद्र दगड वापरता येतात. जिवाणूंना ते चालतात.

मासे निवडतानाही हाच विचार हवा. प्रवाळ-टाक्यांतील बहुतेक जातींचे मासे आजही समुद्रातूनच पकडले जातात. क्लाउनफिश अपवाद आहे. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने (सीएमएफआरआय) त्याचे बंदिस्त प्रजनन साधले आहे. राज्याच्या कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजनेत खेकडा आणि जिताडा पालनाबरोबर शोभिवंत मासेही आहेत. हॅचरीत जन्मलेली क्लाउनफिशची जोडी प्रवाळाशिवाय मजेत राहते.

पुढे काय?

सुरुवात एक-दोन माशांनी करावी. जिवाणूंची संख्या मिळणाऱ्या अ‍ॅमोनियाप्रमाणे वाढते. एकदम दहा मासे सोडले, तर तयार टाकीही कोलमडते. प्रत्येक नवा मासा काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून मग मुख्य टाकीत घ्यावा. सोडताना टाकीचे पाणी त्याच्या पिशवीत थोडे थोडे मिसळावे. पुढचा मासा आणण्यापूर्वी पुन्हा चाचणी करावी आणि आकडा शून्य नसेल, तर दुकानाची वाट धरू नये. रिकाम्या टाकीकडे महिनाभर पाहत बसणे कंटाळवाणे असते. पण त्या महिन्याची किंमत फक्त वेळ आहे. तो वाचवला, तर किंमत माशांना मोजावी लागते.