रियाल घ्यायचे कुठून?

उमऱ्याला निघणाऱ्या घरात एहराम, औषधे आणि दुआंची किताब यांची यादी महिनाभर आधी तयार होते. पैशांचा विषय मात्र विमानाच्या आदल्या रात्री निघतो. मग कुणीतरी सुचवते, "जिद्द्याला तुझा मामेभाऊ आहे ना? तो तिथे रियाल देईल. तू इथे मामीच्या हातात रुपये ठेव." वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यात आखातात कुणीच नाही अशी घरे कमीच, त्यामुळे हा सल्ला सर्वांना सोयीचा वाटतो. या महिन्यात त्याबद्दलच बोलू.

आपला रुपया हवा तेवढा देशाबाहेर नेता येत नाही. नेपाळ-भूतान सोडले तर भारतात राहणाऱ्याला जाताना आणि येताना २५,००० रुपयांपर्यंतच्याच नोटा जवळ ठेवता येतात. हे नेहमीच असे नव्हते. एकेकाळी कुवेत, बहरीन, कतार, ओमान आणि आजच्या संयुक्त अमिरातीत भारताचाच रुपया चालायचा. तिकडून सोने चोरून भारतात यायचे, त्याच्या बदल्यात नोटा बाहेर जायच्या आणि परकीय चलन मागत रिझर्व्ह बँकेच्या दारात परत यायच्या. हे थांबवण्यासाठी १९५९ साली आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या गेल्या. हाजींसाठीही १० आणि १०० रुपयांच्या खास नोटा निघाल्या. त्यांचा रंग वेगळा होता, क्रमांकाआधी 'एचए' अक्षरे होती आणि इथल्या बाजारात खर्चण्यासाठी त्या नव्हत्या. मुंबईहून जहाजाने निघणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांचा तो काळ. पुढे १९६१ मध्ये कुवेतने स्वतःचा दिनार आणला. १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि कतार व अमिरातींनी रुपया सोडला. १९७० मध्ये ओमाननेही सोडला.

आज हज-उमऱ्याच्या मुसाफिराला कायद्याने अडचण अशी राहिलेलीच नाही. इतर बहुतेक देशांना जाताना एका सफरीसाठी ३,००० डॉलरपर्यंतचेच परकीय चलन रोख मिळते. हज-उमऱ्याला ही अट नाही, आणि आपल्या गरजा त्यापेक्षा कितीतरी लहान असतात. पूर्वी हज कमिटी निघताना प्रत्येक हाजीला २,१०० रियाल देत असे. २०२३ पासून ही सोय आपली आपण करायची आहे. त्यासाठी बँक किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेले चलन बदलणारे दुकान गाठा. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि पॅन कार्ड सोबत न्या. रक्कम ५०,००० रुपयांच्या वर असेल तर रोख न देता चेकने किंवा खात्यातून द्यावी लागते. पावती घेतल्याशिवाय उठू नका.

भाव योग्य आहे का, हे घरबसल्या तपासता येते. १९८६ पासून सौदी रियाल डॉलरला बांधलेला आहे: एक डॉलर म्हणजे ३.७५ रियाल. म्हणून त्या दिवशीच्या डॉलरच्या भावाला ३.७५ ने भागा. समजा डॉलर ९० रुपये आहे, तर रियालचा मूळ भाव २४ रुपये. दुकानदाराने २५.२० सांगितला, तर २,००० रियालमागे तुम्ही २,४०० रुपये जादा देत आहात. थोडी जादा रक्कम सगळेच घेतात, पण दोन-तीन ठिकाणी विचारल्यावर फरक दिसतो. तिथे कार्ड वापरताना मशीनने "रुपये की रियाल?" असे विचारले तर रियाल निवडा. रुपये निवडले की मशीनवाल्याचा भाव लागतो, आणि तो बहुधा महाग असतो.

आता मामेभावाकडे वळू. त्याने तुम्हाला जेवू घातले, भेट म्हणून काही रियाल हातात ठेवले, तर त्यात काही गैर नाही. पण तिथे त्याने रियाल द्यायचे आणि त्याचा मोबदला म्हणून इथे तुम्ही रुपये द्यायचे, हा व्यवहार १९९९ च्या परकीय चलन कायद्यात बसत नाही. दंड रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो. रक्कम घरगुती असली तरी रीत हवालाचीच.

आपल्याला आणखी एक विचार करायला हवा. 'सराफ' हा मराठी शब्द अरबी 'सर्फ'मधून आला आहे. मक्केत चलन बदलणाऱ्या दुकानाच्या पाटीवर 'सराफा' लिहिलेले उर्दू वाचणाऱ्याला सहज ओळखता येईल. फिकहच्या किताबांत सर्फ नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यातली मोठी अट आहे हातोहात देवाणघेवाण. तिथे आज घेतले आणि इथे "पगार झाला की देतो," हे त्या अटीत कसे बसणार? माझ्या ओळखीच्या एका घरात असेच झाले. रियाल तिकडे मिळाले, इकडे मुलीची फी आडवी आली आणि रुपये चार महिने रखडले. तोवर भाव चढला. कोणत्या दिवसाचा भाव धरायचा यावरून दोन सख्ख्या बहिणी बोलेनाशा झाल्या. लिहिलेले काहीच नव्हते, त्यामुळे समेट करायला बसलेल्या बुजुर्गांच्या हातीही काही लागले नाही. उमरा करून आलेल्या घरात ईदला खाला आली नाही.

शेवटी भगिनींसाठी. सगळी रक्कम मुलाच्या किंवा शौहरच्या पट्ट्यात ठेवू नका. हरमच्या गर्दीत चुकामूक होते. तेव्हा हातात हॉटेलचे कार्ड असते, पण टॅक्सीला दहा रियाल नसतात. प्रत्येक मोठ्या माणसाजवळ थोडे सुट्टे रियाल असावेत, दादी-नानीजवळ तर नक्कीच. निघण्यापूर्वी घरी ५, १०, ५०, १००, ५०० चे कागद कापून नातवंडांसोबत दुकान-दुकान खेळा. सौदी नोटेच्या एका बाजूला अरबी आकडे असतात, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. उर्दू येणाऱ्यांनी जपायचे एवढेच की अरबीतला चार आणि सहा आपल्या उर्दूतल्यासारखे दिसत नाहीत. घाईत नोट उलटून इंग्रजी आकडा पाहिलेला बरा.

परतताना नाणी तिथेच सदक्यात द्या, इथे ती सहसा कुणी बदलून देत नाही. उरलेल्या नोटांची रक्कम २,००० डॉलरच्या वर असेल, तर वरचा भाग १८० दिवसांच्या आत बँकेत किंवा परवानाधारकाकडे परत करायचा असतो. त्याहून कमी उरले तर जपून ठेवा, घरातल्या पुढच्या मुसाफिराला उपयोगी पडतील.

अल्लाह सर्वांचा सफर आसान करो.