आमची हरकत आहे!

यंदा आमची घरपट्टी एकदम दुप्पट झाली. नव्या आकारणीत आमची गळकी पडवी चक्क ‘दुकानाचा गाळा’ म्हणून लागली होती! बाबा म्हणाले, “कचेरीशी कोण भांडणार? भरून टाकू.”

मी नोटीस नीट वाचली. हरकतीला ३० दिवसांची मुदत होती. नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्यानुसार घराला वर्षाकाठी येऊ शकणाऱ्या भाड्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करून करयोग्य मूल्य ठरते. म्हणजे वापरच चुकीचा लिहिला, तर करही चुकणारच. मी टेपने पडवी मोजली, नकाशा काढला, अर्ज देऊन पोच घेतली. सुनावणीला बाबा आले. पण हात जोडूनच उभे राहिले. मला त्याचेच अधिक वाईट वाटले.

राज्यशास्त्राच्या पेपरात आपण नागरिकांचे हक्क पानभर लिहितो आणि घरी आलेली नोटीस न वाचताच फडताळात टाकतो. हरकत घेणे म्हणजे कर बुडवणे नव्हे. दिवे, गटारे करातूनच चालतात. योग्य कर पै न् पै भरावा. चुकीचा मुकाट्याने भरू नये.

निकाल अजून लागायचा आहे. पण गल्लीतल्या तिघांनी माझ्याकडून अर्जाचा नमुना उतरवून नेला आहे!