रुतलेली गाडी ओढताना

पावसाळ्यात काळ्या रानात ट्रॅक्टर, ट्रॉली किंवा जीप रुतली, की हाती लागेल तो दोर बांधून ओढण्याची घाई होते. अपघात होतात ते या घाईतच. ताणलेली तार तुटली तर चाबकासारखी उलटते आणि जिवावर बेतते.

म्हणून आधी माल उतरवावा, चाकांपुढचा चिखल फावड्याने काढावा, खाली फळ्या घालाव्यात. पुष्कळदा एवढ्यावरच काम भागते.

विंच घ्यायची झाल्यास तिची ओढ गाडीच्या भरल्या वजनाच्या दीडपट तरी असावी. २ टनांच्या गाडीला ३ टनांची. झाडाला तार गुंडाळू नये, रुंद पट्टा वापरावा. त्या पट्ट्याला कप्पी लावून तार परत गाडीलाच अडकवली, तर ओढ जवळजवळ दुप्पट होते. मात्र पट्टा, कप्पी आणि झाडही तेवढा भार सोसणारे हवे.

विंचवर तारेचे निदान ५ वेढे शिल्लक ठेवावेत. मुरडलेली किंवा काटे निघालेली तार वापरू नये. हातात चामडी मोजे घालावेत, ताणलेल्या तारेवर ओले गोणपाट टाकावे, ती कोणी ओलांडू नये. मुलाबाळांना तारेच्या लांबीच्या दीडपट दूर उभे करावे.

दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढताना साखळी खालच्या ड्रॉबारलाच बांधावी. उंच बांधल्यास पुढची चाके उचलून ट्रॅक्टर चालकावरच उलटतो. झटका देऊ नये, हळूहळू ओढावे.

अंधार पडला तर काम सकाळवर ठेवावे. एक रात्र चिखलात राहिल्याने गाडीचे फारसे बिघडत नाही.