वीज एक, पिना अनेक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी रात्रीच्या आगगाडीने प्रवास करीत होतो. समोरच्या बाकावर एक वृद्ध बाई बसल्या होत्या. पहाटे ज्या स्थानकावर त्यांना उतरायचे होते, तेथे त्यांचा मुलगा न्यायला येणार होता. परंतु गाडी दोन तास उशिरा धावत होती. ही गोष्ट मुलाला कळवावी म्हणून त्यांनी पिशवीतून फोन काढला, तो पाहतात तो फोन बंद पडलेला! निघण्याच्या घाईत चार्जर घरीच राहिला होता.

डब्यातील मंडळी भली होती. एकाने आपला चार्जर पुढे केला; त्याची पिन जाड निघाली. दुसऱ्याची पिन सपाट होती. तिसऱ्याची जवळजवळ बसली, पण आत शिरेना. असे चार चार्जर झाले आणि चारही व्यर्थ गेले. "आजी, माझ्या फोनवरून बोला ना," असे एक तरुण म्हणाला. परंतु मुलाचा नंबर त्यांना पाठ नव्हता, तो त्या बंद फोनच्या पोटातच होता. अखेर त्या कष्टी होऊन म्हणाल्या, "अरे बाबा, वीज तर सगळ्यांची एकच ना? मग तोंडे एवढी निराळी कशाला केली?"

पहाटे त्यांचा मुलगा स्थानकावर काळजीने फेऱ्या घालीत उभा होता, म्हणून निभावले. पण आजींचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. मुलांनो, आज आपण त्याच प्रश्नाचा विचार करू.

मोबाइल फोन प्रथम घरोघर आले, तेव्हा जितक्या कंपन्या तितक्या पिना अशी स्थिती होती. फार काय, एकाच नोकिया कंपनीच्या फोनांना आधी जाड पिन लागे आणि पुढे बारीक पिन लागू लागली. २००९ साली युरोपात सुमारे ३० प्रकारचे चार्जर वापरात होते. नवा फोन घेतला की जुना चार्जर निरुपयोगी होई. तो बिघडलेला नसे, म्हणून टाकवत नसे. आणि कोणत्याही फोनला बसत नसे, म्हणून वापरताही येत नसे. 'असून अडचण, नसून खोळंबा' म्हणतात, ते हेच! त्या वर्षी युरोपीय आयोगाच्या आग्रहावरून मोठ्या फोन कंपन्यांनी आपखुशीने एक करार केला आणि 'मायक्रो यूएसबी' ही समाईक पिन मान्य केली. पिनांची ती जत्रा हळूहळू ओसरली.

परंतु ॲपल या अमेरिकन कंपनीने आपली वाट निराळीच ठेवली. तिची ३० टोकांची रुंद पिन २००३ पासून चालत आली होती. २०१२ मध्ये तिने 'लाइटनिंग' नावाची ८ टोकांची लहान पिन आणली. या पिनेवर तिचा एकटीचा हक्क होता. दुसऱ्या कोणाला त्या पिनेची अधिकृत केबल बनवायची असेल, तर त्याला त्या कंपनीचा परवाना घ्यावा लागे.

आता दुसरी बाजूही ऐकून घेतली पाहिजे; कारण एकाच पक्षाचे ऐकून निवाडा करणे न्यायाचे नव्हे. लाइटनिंगची पिन खरोखरच चांगली होती. मायक्रो यूएसबीची पिन एकाच बाजूने आत जाई. अंधारात ती उलटी लावून खोबण बिघडविणारे कितीतरी लोक होते. लाइटनिंग मात्र सुलट लावा की उलट, ती बसत असे. सर्वांच्या कामाची 'यूएसबी सी' पिन, जिला आपण 'सी टाइप' म्हणतो, तिचा आराखडा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे एका कंपनीने जी सोय आधी करून दाखविली, ती सर्वांना मिळायला आणखी दोन वर्षे लागली. यावरून काही लोक म्हणतात, "पिन कशी असावी हे कायद्याने ठरवू नका. २००९ सालीच मायक्रो यूएसबीचा कायदा केला असता, तर तिच्याहून चांगली पिन जन्मालाच आली नसती."

हा आक्षेप वजनदार आहे, यात शंका नाही. परंतु त्याचे उत्तरही आहे. सी टाइप पिन एका कंपनीने दार लावून बनविलेली नाही. अनेक कंपन्यांच्या अभियंत्यांनी एकत्र बसून ती सिद्ध केली, आणि तीही उलटसुलट कशीही बसते. तिच्यात २४ टोके आहेत. तिच्यातून फोनला वीज मिळते, तसेच चित्रे आणि माहितीही जाते. २०२१ मध्ये ठरलेल्या नियमांनुसार योग्य केबल असेल, तर तिच्यातून २४० वॉटपर्यंत शक्ती नेता येते. मोठे लॅपटॉपही तिच्यावर चालतात. तेव्हा समाईकपणा म्हणजे प्रगतीचा शेवट, असे म्हणता येत नाही.

समाईक माप नसले की काय अनर्थ ओढवतो, याचे एक जुने उदाहरण सांगतो. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात फेब्रुवारी १९०४ मध्ये प्रचंड आग लागली. शेजारच्या शहरांतून आगीचे बंब धावून आले. माणसे होती, यंत्रे होती, पाणीही होते. परंतु बाहेरून आलेल्या कित्येक बंबांच्या नळ्या बाल्टिमोरच्या रस्त्यावरील पाण्याच्या तोट्यांना बसेनात, कारण प्रत्येक शहराचे आटे वेगळे! दीड हजारांहून अधिक इमारती भस्मसात झाल्या. पुढच्याच वर्षी तेथील तज्ज्ञांनी साऱ्या देशासाठी नळीच्या जोडाचे एक प्रमाण ठरविले. शहाणपण आले, पण त्यासाठी किंमत केवढी द्यावी लागली!

आपल्या रेल्वेनेही हा धडा गिरविला आहे. पूर्वी मनमाडला ब्रॉडगेज आणि मीटरगेज असे दोन रुंदीचे रूळ येऊन मिळत. एका रुळावरचा डबा दुसऱ्यावर चालत नसे. म्हणून उतारूंना गाडी बदलावी लागे आणि मालही एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावा लागे. १९९२ पासून देशभर एकच रुंदी करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले गेले. रूळ एका रुंदीचे झाले, म्हणून इंजिनांची प्रगती काही थांबली नाही.

माझ्या मते या सर्व उदाहरणांतून एकच नियम निघतो. जेथे दोन वस्तूंची गाठ पडते, तेथे सर्वांचे माप एक असावे. वस्तूच्या आत काय असावे, ते ज्याचे त्याने ठरवावे. फोनचा पडदा, कॅमेरा, बॅटरी यांत कंपन्यांनी खुशाल चढाओढ करावी. ज्याची वस्तू सरस, त्याची ती खपेल. पण ग्राहकाला केवळ पिनेच्या दोरीने आपल्या दावणीला बांधून ठेवणे ही चढाओढ नव्हे, ती अडवणूक आहे.

युरोपीय संघाने अखेर हीच भूमिका घेतली. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी त्याच्या संसदेत या कायद्यावर मतदान झाले, तेव्हा ६०२ सभासद बाजूने आणि अवघे १३ विरुद्ध होते. २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे विक्रीला येणाऱ्या नव्या फोनांना सी टाइपची खोबण सक्तीची झाली. टाकून दिलेल्या आणि न वापरलेल्या चार्जरांमुळे युरोपात दरवर्षी सुमारे ११,००० टन कचरा होतो, असा त्या आयोगाचा अंदाज होता. तंत्रज्ञान पुढे गेल्यास नियमही बदलता यावा, अशी तरतूद त्या कायद्यात ठेवलेली आहे. म्हणजे आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणेही वाया गेले नाही. ॲपलनेही सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ हा फोन सी टाइप खोबणीसह बाजारात आणला. भारतीय मानक ब्यूरोनेही जानेवारी २०२३ मध्ये सी टाइपविषयीचे भारतीय मानक जाहीर केले.

मात्र एक सावधगिरी बाळगली पाहिजे. तोंड एक झाले म्हणून सर्व केबली सारख्या झाल्या, असे नव्हे. एखादी केबल थोडीच वीज नेते, तर दुसरी पुष्कळ नेते. दिसायला सारख्या असलेल्या वस्तू गुणानेही सारख्याच असतील, असे समजून फसू नये. केबल घेताना तिच्यावर काय लिहिले आहे, ते वाचावे.

मुलांनो, आज घरी गेल्यावर वायरींचा तो खण उघडून पाहा. त्यात किती निरनिराळ्या पिना निघतात, ते मोजा. चालू असलेला चार्जर कोणाच्या उपयोगी पडत असेल, तर त्याला द्या. निकामी झालेला चार्जर उकिरड्यावर न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे पोचवा. आणि मोठेपणी तुमच्यापैकी कोणी यंत्रे बनवू लागला, तर नवे यंत्र रेखाटताना गाडीतल्या त्या आजींचा प्रश्न जरूर आठवा. आपले यंत्र शेजाऱ्याच्याही उपयोगी पडावे, असे ज्याला वाटते, तोच खरा कारागीर होय.